गलक्यात झोपणारं बाळ

कळंबा, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २००३

ती. आक्कास,
अण्णासोचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि म्हैस, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (म्हशीला शेवटी टाकलं म्हणून रागावू नकोस. तुझ्या घरातल्या मानाप्रमाणे क्रम लावला असता तर दाजी शेवटी आले असते.) घरात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मी 'हं' म्हणतो, आणि मला काय सांगायचं होतं ते फोन ठेवल्यावर आठवतं. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, एवढीच सोय.

इकडं बरं आहे. बरं म्हणजे जेवणखाण होतं. झोपेचं मात्र काही केल्या जमत नाही, आणि त्याबद्दलच लिहायला बसलो आहे. आमची संघप्रिया बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा बाळाचं, आर्यनचं, सगळं तिच्या आईकडं, अंजनाकडं होतं. अंघोळ झाली की ती त्याला पायांवर घ्यायची आणि बोलत राहायची. त्याच्याशी, माझ्याशी, गॅसवरच्या दुधाशी. त्यात विशेष असं काही नसायचं. वांगी किडकी निघाली, दोरीवरचा टॉवेल उडाला, असलंच. पोरगं ऐकता ऐकता झोपायचं. (खरं सांगायचं तर मीही. पेपर तोंडावर धरून.) आर्यन दोन महिन्यांचा होता तेव्हा ती गेली, ते तुला माहीत आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

मग माणसं भेटायला येऊ लागली. सकाळपासून दिवे लागेपर्यंत घर भरलेलं. बायका दारातूनच गळा काढत यायच्या, पुरुष खाली बघून ऊस, तोड आणि साखर कारखान्याचं बोलायचे, आणि या सगळ्याच्या मधोमध आर्यन गाढ झोपलेला. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, बिचाऱ्याला काय कळतंय. शेजारच्या धोंडुबाई तर दिवसातून दोनदा यायच्या. पहिल्या आठवड्यात अंजनासाठी रडल्या. पुढच्या आठवड्यात स्वतःच्या सासूसाठी. त्यानंतर रडणं थांबलं आणि सुनेवर बोलणं सुरू झालं. आर्यनला सून सगळ्यात मानवली. सुनेनं चहात साखर कमी टाकली इथवर आलं की तो घोरायलाच लागायचा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू होतीसच. भन्तेजींची वंदना झाली, पाचसहा जणांची भाषणं झाली, माइक दोनदा शिटी मारून गेला, पोरगं हललं नाही. आणि दोन मिनिटं मौनासाठी सगळे उभे राहिले तसा त्यानं टाहो फोडला. तू माझ्याकडं असं बघितलंस, जणू मीच त्याला चिमटा काढला. शेवटी भन्तेजींनी मौन आवरतं घेऊन पुढची गाथा सुरू केली, तर हा पुन्हा झोपला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलं नाही. त्याच संध्याकाळी, म्हैस दुसऱ्याला धार काढू देत नाही म्हणून, तू शिरोळला परत गेलीस.

त्यानंतर माणसं कमी झाली. त्यांचंही बरोबर आहे, प्रत्येकाला कामधंदा आहे. धोंडुबाईंनाही सुनेनं नातवाच्या शाळेसाठी गावात नेलं. घर गप्प झालं आणि आर्यनची झोप उडाली. दिवसभर किरकिर. प्रियाच्या डोळ्यांखाली काळं आलं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांच्या मागं भिंतीवर एक तक्ता होता, बाळांनी किती झोपावं त्याचा. नुकतं जन्मलेलं सोळासतरा तास, तीनचार महिन्यांचं चौदापंधरा, वर्षाचं तेरा, असं वय वाढेल तसं उतरत गेलेलं. आर्यन त्यात बसेना. तो आठच तास झोपत होता. म्हणजे तक्त्याप्रमाणे त्याला कॉलेजात घालायला हरकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, घरात शांतता ठेवा.

आम्ही ठेवली. फोनवर उशी दाबली, दाराच्या बिजागऱ्यांना खोबरेल लावलं, दूधवाल्याला हाक न मारता पिशवी ठेवायला सांगितलं. (त्यानं ती कुत्र्याच्या तोंडाजवळ ठेवली. ते असो.) मी घरात मोजे घालून हिंडलो. उशीखालचा फोन तू केला होतास, हे नंतर कळलं. जितकी शांतता वाढली तितकं पोरगं जास्त रडलं. तिसऱ्या दिवशी प्रियाच म्हणाली, "आप्पा, त्याला माणसांचा आवाज लागतोय. आई गप्प बसायची व्हय कधी? तुम्ही बोला की काहीतरी."

आता मी काय बोलणार, आक्का. तुला माझा स्वभाव माहीत आहे. पोराकडं बघून पाऊसपाण्याचं विचारलं, पुढं काही सुचेना. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. मग एसटी स्टँडवर नोकरीभर माइकवरून जे बोललो तेच तोंडात आलं. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. जयसिंगपूरमार्गे शिरोळला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे." त्यानं मूठ चोखायची थांबवली. मिरज सोडली, सांगली सोडली, इचलकरंजी विनाथांबा सोडली. निपाणीला त्याचे डोळे मिटले. त्यानंतर रोज दुपारी मांडीवर घेऊन मी सगळा आगार हलवायचो. गल्लीतल्या कृष्णातनं भिंतीवरून विचारलंसुद्धा, "अण्णा, गारगोटी गेली की न्हाय अजून?" मी म्हणालो, गेली. बाहेर प्रिया हसली. अंजना गेल्यापासून पहिल्यांदा.

तर असं आहे. बाळांचं काही ना काही करून जमतं. पण गप्प घरात झोप लागत नाही, एवढं मात्र मला आता पटलं आहे. बाकी सर्व ठीक. दाजींना जयभीम सांग.

तुझा धाकटा भाऊ,
अण्णासो

ता. क. परसात बाथरूमच्या मागं जागा मोकळी आहे. कृष्णातकडून चार पत्रे आणून छप्पर घातलं आहे, गव्हाणही बांधून घेतली. वैरण इथं बाजारात मिळते. तुझ्या म्हशीला हवापालट मानवेल असं वाटतं. तिला टेम्पोनं आणता येईल, मी विचारून ठेवलं आहे. दाजींचं तू ठरव.

ता. क. २. प्रिया आणि आर्यन जानेवारीतच जयसिंगपूरला गेले. तुला फोनवर सांगायचं राहिलं, मधे जागा मिळाली नाही. तिच्या सासरी चार जावा, दोन टीव्ही आणि खाली पिठाची गिरणी आहे. आर्यन तक्त्याच्याही वर झोपतो म्हणे.

ता. क. ३. त्या तक्त्यात साठीच्या माणसाचा रकाना नव्हता. दुपारी आडवा झालो की मी अजून गाड्या सोडून बघतो, पण आपलाच आवाज आपल्याला उपयोगी पडत नाही. तू ये. आल्यावर काय बोलायचं ते तुझं तू बोल, वांग्यांचं, सुनेचं, कशाचंही. मी 'हं' म्हणत जाईन. एखाद्या वेळी म्हणायचं राहिलं तर रागावू नकोस, झोप लागली असं समज.