थर्मोकोलच्या भिंती

१२ जानेवारी, रविवार

हेमराजचा पुण्याहून फोन. 'थर्मोकोलचं घर? ताई, गणपतीचं मखर आहे का ते?' आणि हसतो! मागच्या मे महिन्यात आई पत्र्याच्या छपराखाली बेशुद्ध पडली, तेव्हा हा माझा भाऊ कुठे होता? तिच्या काखेत बर्फाच्या पिशव्या मी धरल्या. डॉक्टर म्हणाले, यंदा वाचल्या, पुन्हा ऊन लागलं तर सांगता येत नाही. हे मला सांगितलं, त्याला नाही.

दिवसभर दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, संध्याकाळी सख्खा भाऊ माझं पितो.

घर मे महिन्याच्या आत उभं राहणार. बस.

१९ जानेवारी, रविवार

ठोकळे आले, ट्रकभर, रायपूरहून. निम्मं गाव बघायला जमलं. मी शंभरदा समजावलं — ठोकळा पोकळ आहे, दोन्ही बाजूंनी थर्मोकोल, मधल्या पोकळीत सळाखी लावायच्या आणि काँक्रीट ओतायचं. थर्मोकोल काढायचा नाही, तोच गरमी अडवतो. ऐकतं कोण!

चुन्नीलाल मिस्त्रीनं एक ठोकळा बोटावर तोलला. 'म्याडम, जरा जोरात हवा आली तं हे घर तिरोड्याले जाऊन बसंल.' सगळे खो-खो हसले. मग वर इकडेतिकडे बघून विचारतो, 'घरचं कोनी मानूस नाही का? नकाशाचं कोनासंग बोलू?'

माझ्यासंग बोला! जमीन माझ्या नावावर, पगार माझा, नकाशा मी बसून काढलेला. चाळीस वर्षांची बाई समोर उभी आहे आणि हे माणूस शोधतात.

२ फेब्रुवारी, रविवार

भिंती रचून झाल्या, पाच दिवसांत! खिडक्यांचे कोपरे चुन्नीलालनं सुतात कापले, हे कबूल करते. त्याला हुनर आहे, नुसती जीभ वाईट.

पण कोणीतरी खिळ्यानं भिंतीवर 'दुर्गेश लव दिव्या' कोरून ठेवलंय. सापडू दे दुर्गेश. दिव्याही सापडू दे.

८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या ढलाई, भिंतींत काँक्रीट ओतायचं. कंपनीच्या इंजिनियरनं फोनवर दहादा बजावलंय — तीन फूट भरा, तासभर थांबा, मग पुढचे तीन फूट. घाई केली तर ओल्या काँक्रीटच्या वजनानं थर्मोकोल फुटेल. मी मार्करनं चारही भिंतींवर तीन-तीन फुटांच्या रेघा मारल्या. मोठ्या अक्षरात लिहिलं : थांबा.

चुन्नीलाल म्हणाला, 'ढलाई सुरू झाली का थांबत नसतात म्याडम. लोकं जेवाले कवा बसतील?'

ही आमच्याकडची रीत. ढलाईच्या दिवशी घरमालकानं मटण घालायचं, आणि शेवटचं घमेलं पडेपर्यंत कोणी पानावर बसायचं नाही. मी सांगितलं, उद्या मध्येच बसा, पोटभर जेवा. तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना उष्टं वाढणार होते. 'अर्ध्या कामात कोन जेवते?' रीत म्हणे! रीतीनं भिंत उभी राहते का?

९ फेब्रुवारी, रविवार

बोटांना पट्ट्या बांधून लिहिते.

बारापर्यंत तीन फूट भरले. माझ्या डोळ्यांसमोर थांबले सगळे. घमेली वाहणाऱ्या रेजा बायका लेकरं मांडीवर घेऊन आंब्याखाली बसल्या. मटण शिजलं होतं, आई चुलीपाशी होती. एक वाजता दवाखान्यातून फोन — अपघाताची केस, रक्त तपासायला दुसरं कोणी नाही. गेले. जाताना चुन्नीलालला सांगितलं, मी आल्याशिवाय एकही घमेलं नको.

तीन वाजता परतले, तर पूर्वेचा कोपरा फुटलेला! ठोकळ्यांच्या चिंध्या, त्यातून काँक्रीट वाहून अंगणात ढीग. सगळं एका दमात वरपर्यंत भरलं होतं. माझं 'थांबा' चिखलात पडलेलं. मी साडीचा पदर खोचला आणि हातांनीच ओढू लागले, घट्ट व्हायच्या आत. बोटं सोलली.

मग माझं तोंड सुटलं. मी त्यांना पोटाचे गुलाम म्हणाले. मटणाच्या वासानं अक्कल जाते म्हणाले. चोरही म्हणाले — का म्हणाले, कुणास ठाऊक. धुरपता, चुन्नीलालची बायको, डोक्यावर रिकामं घमेलं घेऊन तिथंच उभी होती. चुन्नीलालनं एकदा चुलीकडे बघितलं. थापी विसळली, पिशवीत घातली. मी म्हणाले, उद्यापासून तोंड दाखवू नका.

मटण कोणी खाल्लं नाही. आई चुलीपाशी रडत होती. तिलाही रडवलं त्यानं!

१० फेब्रुवारी, सोमवार

राग अजून उतरलेला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नवे ठोकळे आले, मिस्त्री नाही. जवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात तिघांना विचारलं. एक तर स्पष्ट बोलला, 'म्याडमच्या तोंडाले कोन लागंल?' म्हणजे मी वाईट! भिंत फोडणारा चांगला!

शेवटी गोंदियाहून दुर्गाप्रसाद मिळाला. 'हो जाएगा दीदी, टेंशन मत लो.' टेन्शन कोण घेईल मग, त्याची आजी?

६ एप्रिल, रविवार

स्लॅब टाकला. सकाळपासून शिडीच्या टोकावर मी स्वतः. दवाखान्याचे सात फोन आले, एकही उचलला नाही. मटण नाही, पोहे दिले. लोक कुरकुरले. कुरकुरू देत.

पारा बेचाळीसवर. आई पत्र्याखाली डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पडून असते. विचारलं, त्रास होतो का? तर म्हणते, 'नाही व, बरी हावो.' खोटं बोलते. मला कळत नाही का?

११ मे, रविवार

राहायला आलो!

दुपारी दोनला बाहेर पंचेचाळीस, आत तेहतीस. कूलर नाही, नुसता पंखा. आई भिंतीला पाठ लावून दोन तास गाढ झोपली. मी दारात बसून तिचा श्वास मोजत होते. रडू आलं, आलं तर आलं.

हेमराजनं व्हिडिओवर घर बघितलं. 'मस्त झालंय गं.' केवढे उपकार!

रात्री जेवताना मी म्हणाले, त्या चुन्नीलालच्या भरवशावर राहिले असते, तर तू अजून पत्र्याखाली असतीस. आई पानावरून उठली. पोटात बरं नाही म्हणाली.

१४ मे, बुधवार

आज पुन्हा त्याला शिवी घातली. आईनं घास खाली ठेवला. 'त्याले कायले बोलून राहिली? मीच म्हटलं होतं त्याले. बायका लेकरं घेऊन उपाशी बसल्या, अन्नासमोर. तो नाही म्हणत होता. मी म्हटलं, घर माहं हाये, टाक एकदाचं. मंग कोपरा फुटला, तं हात जोडले त्याले — पोरीले सांगू नोको.'

मला का नाही सांगितलंस?

माझ्याकडे न बघता म्हणाली, 'तुहा भेव वाटते व.'

तीन महिने हे पोटात ठेवून ती रोज माझ्यासमोर जेवायला बसत होती.