नव्वद किलोमीटर आणि चार बोटं फोम

१ ऑक्टोबर
लेक म्हणाली, राग आला की वहीत लिही, माणसावर काढू नकोस. म्हणून ही वही. चौथीपर्यंत शिकले आहे, एवढ्यापुरतं येतं.

अट अशी की महिनाभर कुणाला मारायचं नाही. मग तिच्या घरी जायचं आणि नातीला मांडीवर घ्यायचं. नात तीन महिन्यांची झाली, मी अजून फोटोच बघते. कारण काय, तर जावयाला एक थोबाडीत दिली. मी स्वतःच्या हातानं भरलेल्या गादीवर बसून म्हणतो, सासूबाई, फार मऊ आहे, कंबर धरते. बावीस वर्षं गाद्यांच्या कारखान्यात काढली. मऊ गादीनं कंबर धरली असं कुणी ऐकलंय? हलकीच मारली होती. चष्मा आधीपासूनच सैल होता.

तर ३१ तारखेला जायचं, तेही लेकीच्या सायकलवर. लग्नाआधी ती हिच्यावरून शंभर-शंभर किलोमीटर जायची. तिचं घर नव्वदावर आहे. डॉक्टर म्हणाले, सायकलनं डोकं शांत राहतं. माझं शांतच असतं. लोक नीट वागत नाहीत.

३ ऑक्टोबर
चार किलोमीटर झाले. ही सीट नाही, कुऱ्हाडीचं पातं आहे. उतरल्यावर सीटला तीन लाथा घातल्या. सीट माणूस नाही. धरायचं नाही.

४ ऑक्टोबर, दुपारी
सायकलमिस्त्रीकडे गेले. त्यानं जमिनीवर पुठ्ठा टाकला आणि म्हणाला, ताई, यावर बसा. बसले. पुठ्ठ्यात दोन खड्डे पडले. ते पट्टीनं मोजून म्हणाला, तुमची हाडं इथे टेकतात, सीट एवढीच रुंद हवी आणि कडक हवी. लांबच्या पल्ल्याला मऊ सीट म्हणजे वैरीण. मला सांगतोय. मऊ काय असतं ते मला.

मग त्यानं पॅडवाली चड्डी काढली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, हिच्या आत दुसरं काही घालायचं नाही बरं का.

हवा भरायचा पंप हाताशीच होता. कानशिलावर बसला. मिस्त्री टायरांच्या ढिगात.

घरी येऊन पाकीट बघितलं. त्यावरही तेच छापलंय, चित्रासकट. असेल. परक्या बाईशी बोलायची काही रीत असते. शिवाय लागला तो पंप. धरायचं नाही.

९ ऑक्टोबर
सीट मीच करायला घेतली. चार बोटं जाड फोम, वर पिंजलेला कापूस, वरून जाड खोळ. नवऱ्याला म्हटलं, घट्ट धर. हा बोट मध्येच ठेवतो. दाभण नखाच्या या बाजूनं गेला, त्या बाजूनं निघाला. खोळीवर रक्त. नवी खोळ. मग पाठीत एक धपाटा बसला.

नवरा बोट चोखत म्हणाला, हे धरायचं का? म्हटलं, घरातलं घरात. तो म्हणाला, जावईही घरातलाच होता. आणखी एक बसला. तोही धरायचा नाही.

सीट मात्र अशी झालीय की राणीनं बसावं.

१४ ऑक्टोबर
बारा किलोमीटर. सीट चार बोटं वर आल्यामुळे पाय जमिनीला पोचत नाहीत. चौकात थांबले ती थेट शेजारच्या मोटरसायकलवाल्यावर आडवी. सॉरी म्हणणारच होते. तो हसला. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि डोकं त्याच्या तोंडावर गेलं. एक दात. पुढचा.

त्याला सांगितलं की हा अपघात आहे. तो बोलू शकला नाही, म्हणजे पटलं असणार.

१९ ऑक्टोबर
पायजमा साखळीत गेला. मी डांबरावर, गुडघ्याची साल निघाली. पायजमा तिथल्या तिथे कात्रीनं मांडीपर्यंत कापला आणि साखळीला काय काय म्हटलं ते लिहीत नाही, लेक वाचेल.

कामावर गेले तर सुपरवायझर म्हणाला, आज बदकासारख्या का चालताय? फोमचा अख्खा गठ्ठा त्याच्यावर ढकलला. चार माणसांनी त्याला खालून काढलं. फोमनं कुणाला लागत नाही. बरगडी त्याची आधीपासूनच नाजूक असणार.

२५ ऑक्टोबर
वीस किलोमीटर. आता एकावर एक दोन पॅडवाल्या चड्ड्या, आणि आत माझी नेहमीची सुती. मऊवर मऊ. मांड्यांना आतून फोड आलेत. फोड म्हणजे कातडी पक्की होतेय.

रस्त्याच्या पलीकडून मिस्त्री चालला होता, कानाला पट्टी. तिकडूनच ओरडला, ताई, सीट बदला, निदान आतली तरी काढा. दगड उचलला. नेम चुकला. लागला नाही म्हणजे मारला नाही.

३० ऑक्टोबर
वही पहिल्यापासून वाचून काढली. तीस दिवस, कुणालाही मारलेलं नाही. मला वाटलं नव्हतं एवढं सोपं जाईल. लेकीला पुरावा म्हणून वहीच दाखवायची.

३१ ऑक्टोबर
५.४० निघाले. नवरा दारात आला नाही. खिडकीतून हात हलवला, त्याच बोटाचा.

७.१० चौदा किलोमीटर. ढगावर बसल्यासारखं. मिस्त्रीला काय कळतं.

८.३० पंचवीस. रुतायला होतंय. फोम दोन्ही बाजूंनी वर येतो आणि मध्येच चावतो. खालचं काही जाणवत नाही.

९.४० चौतीस. जाणवायला लागलं. सुती चड्डीची शिवण सुरीसारखी चालतेय. उभ्यानं लिहिते आहे.

१०.३० अडतीस. सायकल मारली. सोबतच्या हवेच्या पंपानं. चौदा तारा तुटल्या, पुढच्या चाकाचा चिमटा झाला. सीट दातांनी उसवली. एक लॉरीवाला थांबून म्हणाला, मावशी, सायकलनं काय केलं? त्याला पंप दाखवला. तो गेला. लेकीला फोन केला.

नंतर लिहिते आहे. गाडी जावई चालवत होता. नवा चष्मा. मागे लेक आणि नात. नात पांढऱ्या दुपट्यात, नाक थेट माझं. मी हात पुढे केले. लेक म्हणाली, आधी सांग, महिनाभर कुणाला मारलंस? मी ताठ मानेनं वही दिली.

रस्त्यावर उभी राहून तिनं सगळी वाचली. जावई तिच्या खांद्यावरून वाचत होता. गठ्ठ्यापाशी आला तेव्हा त्यानं तोंडावर रुमाल धरला. लेक हसली नाही. वही मिटून म्हणाली, आई, चार माणसं झाली, आणि मिस्त्री दुसऱ्यांदा नेम चुकला म्हणून वाचला. मी म्हटलं, वाच ना नीट, प्रत्येकाखाली कारण लिहिलंय. ती म्हणाली, तेच वाचलं. घरी चल, मलम लावते. पण बाळ हातात मिळणार नाही. उद्यापासून पुन्हा मोज.

बसता येत नव्हतं. मागच्या सीटवर पालथी पडून आले.

१ नोव्हेंबर, संध्याकाळी
रात्री लेकीनं मला माझ्याच गादीवर पालथी निजवली. सकाळी जाग आली तर नाक आत, पोट आत, दोन्ही हात आत रुतलेले. कंबर धरली आहे. हलता येईना.

लेकीनं बाळ शेजारी ठेवलं आणि ती पाणी आणायला गेली. बाळानं माझ्याकडे नीट बघितलं आणि मूठ वळून नाकावर दिली. मग आणखी एक. डोळ्यांत पाणी आलं.

लेक आली. तिनं खांदे धरले, जावयानं पाय, आणि दोघांनी मला ओढून काढलं. जावई गादीबद्दल एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दिवस पहिला. कुणाला मारलं नाही. हात रुतलेले होते, तरी धरायचा.