बटणकाकांची गाठोडी

ता. ४, सोमवार

आले एकदाची. सामान म्हणजे एक बॅग आणि धाकट्या बहिणीने बळेच कोंबलेली उशी. परक्या उशीवर मला झोप लागत नाही हे तिला पाठ आहे.

घर छान आहे. मला राहायला हवेशीर खोली, मागे दार, दाराबाहेर पेरूचं झाड. काकू एकट्याच राहतात आणि बोलायला माणूस मिळाल्यामुळे खुशीत आहेत. जुने संगणक दुरुस्त करणारी बाई म्हणजे जवळजवळ वैद्यच, असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. त्यांचे यजमान घरांचे नकाशे काढायचे आणि वेळ मिळाला की छोट्या घरगुती संगणकांची बटणं बडवत बसायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना बटणकाका म्हणायची. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या फ्लॉपी मात्र काकूंनी डोळ्यांत तेल घालून जपल्यात. त्यांत काय आहे ते मी उघडून दाखवायचं.

आठवड्याभराचं काम. धाकटीचे दिवस भरत आलेत, पहिलंच बाळंतपण, आई आम्हाला नाही. दवाखान्यात तिचा हात धरायला मी असेन, असा शब्द दिलाय. तिला सांगितलं नाही, पण तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले आहे.

ता. ६, बुधवार

काम वाटलं तेवढं सरळ नाही. काकांनी ही गाठोडी कचेरीतल्या मोठ्या मशीनवर बांधली. गाठोडी हा माझा शब्द. पुष्कळ फायली दाबून दाबून एकीत बसवायच्या, जागा वाचते. पण घरच्या या चिमुकल्या संगणकाला त्या मशीनची गाठच सुटत नाही. दोन दिवस डोकं खाजवलं, शेवटी काकांच्याच खणात सोडवायचा प्रोग्रॅम सापडला. फ्लॉपी खरखरली आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

गाठोड्यात निघालं काय, तर हेच घर. एकेका खोलीची एकेक फाइल. रंग, मापं, कुठल्या भिंतीत खिडकी, कुठल्या दाराला कडी. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गेले त्या वर्षी लिहिलेलं आहे म्हणाल्या.

एकच वैताग. प्रत्येक फायलीला प्रोग्रॅम विचारतो, या नावाचं आधीच आहे, त्याच्या जागी हे ठेवू का? आधीच कुठलं असायला? मी कोरी फ्लॉपी घातली होती. परक्या मशीनचं गाठोडं, काहीतरी गोंधळ होणारच.

ता. ७, गुरुवार

धाकटीचा फोन. पाय सुजलेत, रडवेली झालीय, कधी येतेस म्हणाली. मग मी घाई केली. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे करायचे तेच केलं, प्रोग्रॅमला सांगितलं की विचारू नकोस, सरसकट बदल. भराभर कामं उरकली. काकूही शेजारी बसून शिकल्या. आता फ्लॉपी घालून गाठोडं स्वतः सोडतात, लहान मुलासारख्या खूश होतात.

ता. ८, शुक्रवार

सकाळी स्वयंपाकघर निळं होतं. काल पिवळं होतं, मी शपथेवर सांगते. रात्रीतून रंग लावला का, असं काकूंना विचारलं. त्या भिंतीला गाल लावून उभ्या होत्या. ते असताना हाच रंग होता, म्हणाल्या.

दुपारी कपडे वाळत घालायला निघाले तर मागचं दार नाही. भिंत आहे, जुनी, पोपडे सुटलेली. काकूंनी शांतपणे सांगितलं की ते दार त्यांनी काका गेल्यावर भिंत फोडून नवीन करून घेतलं होतं.

धाकटीला कळवलं, उद्या निघते.

ता. ९, शनिवार

बॅग भरली. अंघोळीला गेले तेवढ्यात काकूंनी पुढचं गाठोडं सोडलं.

पुढचं दार आता पलीकडच्या भिंतीत आहे. काकांच्या काळी तिथेच होतं म्हणे, समोर मोकळं मैदान. आता तिथे शेजारची इमारत आहे. दार उघडलं तर विटा. हात घालायलाही फट नाही.

खालच्या काय, माडीवरच्याही एकाही खिडकीतून अंग जात नाही. सगळीकडे गज आलेत.

मोबाइल मेला. चार्जर लावायला भिंतीत प्लगच उरलेले नाहीत.

काकूंच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तुझे उपकार कसे फेडू, म्हणाल्या.

ता. १०, रविवार

संगणकाच्या खोलीत आले, काहीतरी उलटं करता येईल म्हणून. मी आत असतानाच काकूंनी ठेवलेली फ्लॉपी सुरू झाली. ही खोली तेव्हा अडगळीची होती. बाहेरून कडी. आतून काहीच नाही.

संगणकाचा प्लग तेवढा आहे. उपटला. तरी खरखर चालूच.

प्रोग्रॅमला पुन्हा विचारत जा, असं सांगून पाहिलं. बटणं दाबते, अक्षर उमटत नाही. मीच सांगितलं होतं, विचारू नकोस—

रविवार, दुपार

नवीन फायलीचं नाव आलं पडद्यावर. घरातली माणसं. हळूहळू सुटतंय. मोठं आहे.

आत दोनच नावं. मी नाही.

बाहेर धाकटीच्या नवऱ्याचा आवाज. मला शोधत आलाय. तिला सकाळीच दवाखान्यात नेलं, ताई कुठंय म्हणून सारखी विचारतेय, असं काकूंना ओरडून सांगतोय. मी ओरडतेय, भिंत बडवतेय, त्याला ऐकू—

वरच्या खिडकीतून काकू बोलल्या. आवाज केवढा तरुण. अशी कोणी बाई इथे आलेली नाही. आम्ही दोघंच राहतो.

त्यांच्या मागून कोणीतरी खोकलं. पुरुष.

तो माफी मागतोय. घर चुकलं असेल म्हणतोय—

जाऊ नकोस, अरे, मी इथे

पावलं लांब गेली. हात दिसेना झालाय, पेन दिसतंय. धाकटीला वाटेल मी शब्द मोडला. नाही गं बाळा. बॅग भरून ठेवली होती, निघालेच होते, मी