सहा वाजता येणारा बाण

४ जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद. द्यायची इच्छा नाही, पण रीत मोडवत नाही.

तुझं खोकं मिळालं. मी तुला आईला भेटायला ये म्हणून सांगितलं होतं आणि तू जुना कॉम्प्युटर पाठवलास. कुरियरवाल्याने तो उचलून कापडाच्या टेबलावर ठेवला, तेव्हा आईने विचारलं की हे कोणी पाठवलं. मी तुझं नाव सांगितलं, तर ती खोक्याच्या आत डोकावून तुला शोधायला लागली. तुला हसू येईल. मला आलं नाही.

फोनवर बोलायला गेलं की तू मीटिंग आहे म्हणून ठेवून देतोस, म्हणून आजपासून सगळं कागदावर. कागद मधेच कट करता येत नाही. उत्तरही कागदावरच पाठव, फोन आला तर मी उचलणार नाही.

डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात स्वच्छ सांगितलं की तिचं विसरणं आता वाढतच जाणार, तेव्हा ज्यांना भेटायचं असेल त्यांनी ती ओळखते आहे तोवर भेटून घ्यावं. तू तिचा एकुलता एक मुलगा. यात न समजण्यासारखं काय आहे? ज्या दुकानात तिने अर्ध्या गावाचे कपडे शिवले, तिथे आता ती टेप गळ्यात अडकवून नुसती बसलेली असते. दोनदा ट्रायल घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात कपडा न देणारी बाई ती, लग्न तोंडावर आलं तरी नवऱ्या मुलाला परत पाठवायची. आता महिनोन्‌महिने तिने कुणाचं माप घेतलेलं नाही.

कॉम्प्युटर चालू केला तर त्यात ओळखीचं काहीच दिसेना. समोरच्या झेरॉक्सवाल्याला बोलावलं. तो म्हणाला की यात लिनक्स आहे, ते फुकट मिळतं. फुकट म्हटल्यावर तूच पाठवलास याची खात्री पटली.

कळावे. लोभ आहेच, पण आज तो मागू नकोस.

तुझी ताई

---

११ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान गरम झाले. तरी सांगतो, तो कॉम्प्युटर भंगार नाही. आमच्या ऑफिसने अडगळीत काढला कारण नवं विंडोज त्याला झेपत नव्हतं. लिनक्स घातल्यावर तो पुन्हा टुणटुणीत झालाय. घरात असा एक जादा कॉम्प्युटर असला की किती कामं होतात बघ. सकाळी सुरू केलास की पडद्यावर मोठ्या अक्षरांत वार आणि तारीख येईल, म्हणजे आईने सारखं विचारलं तरी तुला मान वर करावी लागणार नाही. तिची आवडती गाणी भरली आहेत. आपल्या लहानपणचे सगळे फोटो आहेत. गिऱ्हाइकांची मापं त्यात ठेव, बिलं छाप. सोबत दिलेला छोटा कॅमेरा दुकानाच्या दाराला लाव, आई एकटीच बाहेर निघाली तर घंटी वाजेल.

तिची नजर अधू म्हणून माऊसचा बाण मुद्दाम मोठा आणि लाल केलाय. काही बिघडलं तर झेरॉक्सवाल्याला हात लावू देऊ नकोस, मी इथे बसूनच नीट करतो. मी आत शिरलो की बाण आपोआप हलताना दिसेल, घाबरू नकोस.

येणार आहे गं. आमच्याकडे सगळी यंत्रं नव्या जागी हलवायचं काम चालू आहे, ते संपलं की येतो. माझ्यावर राग धर, पण आईला सांग की मी विचारलं आहे.

ढब्बू

---

२५ जानेवारी

चि. ढब्बूस आ.

घंटी वाजते हे कबूल. परवा मी पडद्यांचं कापड कापत होते आणि आई चप्पल न घालता रस्त्यावर निघाली होती. घंटी वाजली म्हणून धावले. त्याबद्दल तुला शाबासकी, पण अर्धीच. उरलेली अर्धी तू इथे येऊन घे.

आता दुसरी गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला तू आत शिरला होतास ना? मी मशीनवर होते. आई पडद्यासमोर फोटो बघत बसली होती आणि एकदम मोठ्याने म्हणाली की ढब्बू आला. मी दाराकडे पाहिलं, कोणी नाही. ती पडद्याकडे बोट दाखवत होती. तुझा तो लाल बाण इकडे जात होता, थांबत होता, परत फिरत होता. आई म्हणाली की हा लहानपणी घरात शिरला की असाच आधी सगळीकडे घुटमळायचा. मग तिने बाणाला विचारलं की जेवलास का, आणि इतका बारीक का झालास.

तिला तुझं नाव आठवलं, ढब्बू. त्या दिवशी सकाळी तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली होती.

उत्तर दे. शक्यतो पायांनी चालत येऊन.

ताई

---

३१ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. आता रोज सहाला येत जाईन. तिच्यासमोर शाळेतला फोटो उघडीन, गाणं लावीन. रजेचं मात्र अजून जमत नाही. रागावू नकोस, निदान आईला तरी आनंद होतोय.

ढब्बू

---

१९ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

आशीर्वाद आज गिळून टाकले आहेत.

तुझी आई आता साडेपाचपासून तयारीला लागते. केस विंचरून घेते, धुतलेले कपडे घालते, माझ्याकडून दोन कप चहा करून घेते. एक तिचा, एक तुझा. तुझा कप कीबोर्डशेजारी ठेवते. काल तो कलंडला, निम्मी बटणं चिकट झाली आहेत, आणि बोलणी मी खाल्ली, कारण मी ढब्बूच्या अंगावर चहा सांडला असं तिचं म्हणणं.

स्पष्टच लिहिते. माझा जळफळाट होतो. मी तिला न्हाऊ घालते, भरवते, रात्री चारदा उठते, आणि ती मला बाई म्हणते. कौतुक कुणाचं, तर लाल बाणाचं! मी तिच्या डोळ्यांसमोर असून नाहीशी झाले आणि तू नसून हजर आहेस. हा कुठला न्याय?

तिची तुझ्याबद्दल एक तक्रारही आहे. ती म्हणते की हल्ली तू घुटमळत नाहीस. आलास की सरळ फोटोकडे जातोस, मग गाण्याकडे, मग कोपऱ्यात जाऊन गप्प. रोज तीच वाट. ती मला विचारत होती की हा कुणावर रागावलाय का. मी म्हटलं की त्याला कामाची घाई असते. तुझ्यासाठी खोटं बोलायची सवय जुनीच आहे मला.

आता तरी ये. परवा ती तुझ्या फोटोवर बोट ठेवून हा कोण असं विचारत होती. बाणाला ओळखते, फोटोतल्या तुला नाही. वेळ हातातून चाललाय.

ताई

---

२ मार्च

ढब्बू,

रस्ता खणणाऱ्यांनी काल सकाळी इंटरनेटची केबल तोडली. सगळ्या गल्लीत बंद. आमच्या इंटरनेटच्या डब्यावरचा लाल दिवा दिवसभर पेटलेला. गणवेशांची ऑर्डर अडकली म्हणून मी तीनदा कंपनीला फोन केला, ते म्हणाले की उद्यापर्यंत काही होणार नाही.

मी आईला आधीच सांगून ठेवलं की आज ढब्बू यायचा नाही, रस्ता बंद आहे. तिने ऐकलं आणि तरी केस विंचरून घेतले.

आणि सहा वाजता तू आलास.

बाण निघाला, शाळेच्या फोटोकडे गेला, मग गाण्याकडे, मग कोपऱ्यात. मी आधी पडद्याकडे पाहिलं आणि मग त्या लाल दिव्याकडे. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला काल कळलं. झेरॉक्सवाल्याला ओढत आणलं. त्याने खाटखूट करून सांगितलं की यात कोणीतरी सहा वाजता आपोआप चालणारं काहीतरी लिहून ठेवलंय, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून.

म्हणजे तू चार-पाच दिवस आलास आणि मग कंटाळलास! आई ज्याला चहा ठेवत होती, तो तू नव्हतासच. ती रुसलेल्या मुलाची समजूत काढत होती आणि तिथे कोणीच नव्हतं. अरे, तिला समजलं होतं रे. बाकी सगळं विसरलेल्या बाईला समजलं की हा घुटमळत नाही. समजलं नाही ते मला.

मी रागाने वायर उपटली. मग दाराची घंटीही बंद पडली, आणि आई काळ्या पडद्यासमोर कप घेऊन बसून राहिली. पुन्हा वायर लावावी लागली. तू मला इतकंसुद्धा रागावायची सोय ठेवली नाहीस.

या पत्राला उत्तर नको. माणूस हवाय. नाहीतर मला बहीण म्हणू नकोस.

खाली नाव लिहायची गरज वाटत नाही.

---

८ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

शनिवारी येतो आहे. रजा मिळालेली नाही, न विचारताच निघतोय.

पण तूही ऐकून घे. तुझं प्रत्येक पत्र म्हणजे पाठीत एक रट्टा असतो. तुला वाटतं मी कंटाळलो. मी कंटाळलो नाही, घाबरलो. तू लिहिलंस की तिने तुला मावशी म्हटलं, बाई म्हटलं. तू तिथे रोज असतेस, तरी तुझी ही गत. मी दारात उभा राहिलो आणि तिने विचारलं की तुम्ही कोण, तर मी काय करायचं? बाणाला ती दर वेळी ओळखत होती. एकदाही चुकली नाही. एका संध्याकाळी कामात अडकलो, आणि ती वाट बघत बसेल म्हणून ते आपोआप चालणारं लिहिलं. एका दिवसापुरतं. मग दुसऱ्या दिवशी वाटलं की हेच बरं आहे, यात कुणालाच काही होत नाही.

तू म्हणशील की हा भेकडपणा आहे. आहे. ओरड हवं तेवढं, पण शनिवारी आईसमोर नको.

ढब्बू

---

१४ मार्च

ती. ताईस,

आलो, भेटलो, परतलो. झालं समाधान?

तू ये, ये म्हणून जीव खाल्लास. मी दारात उभा राहिलो, कॅमेऱ्याची घंटी वाजली, आणि आईने मला आत या म्हटलं. आत या! मग बसा म्हणाली. मग गळ्यातली टेप काढून म्हणाली की सरळ उभे राहा, पोट आत घेऊ नका, शर्ट नंतर घट्ट होईल. तू मशीनमागे तोंडाला कापड लावून उभी होतीस, ते मी पाहिलं. खांद्याचं माप घेताना तिचा हात माझ्या मानेला लागला. शिवताना घालायच्या टोपणाने पडलेला तिच्या बोटाचा तो घट्टा अजून तसाच आहे. मी तिला आई म्हणालो, तर ती म्हणाली की तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

आणि सहा वाजता तिने मला बाजूला व्हायला सांगितलं, माझ्या मुलाची यायची वेळ झाली म्हणून. मी ते आपोआप चालणारं दुपारीच काढून टाकलं होतं. बाण येईना. ती कासावीस झाली. शेवटी मीच खुर्चीवर बसलो, माऊस हातात घेतला. तिच्या शेजारी बसून, ताई, तिच्या शेजारी! तिने एकदाही माझ्या हाताकडे पाहिलं नाही. पडद्याकडे पाहून म्हणाली की आज बघा कसा घुटमळतोय, आज रुसवा गेला. आणि वर मला विचारलं की तुम्ही आईला भेटता ना अधूनमधून.

मी आता येणार नाही. मला पुन्हा हे सोसवणार नाही. रोज सहाला इथून मी स्वतः येईन, हे मात्र वचन. तुझ्या रागाचं तू काय करायचं ते कर.

ढब्बू

---

२३ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

राग गेलेला नाही. पण तू बसस्टँडवर गेल्यावर काय झालं ते तुला कळलं पाहिजे.

तिने मला हाक मारून तुझी मापं सांगितली. सगळी, न अडखळता. खांदा, छाती, बाही, गळा. डावा खांदा थोडा उतरता आहे, तिथे जरा कमी घे, असंही बजावलं. आणि कपाटातून कापड स्वतः निवडलं, आकाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायच्या आत ती टेबलाशी कात्री घेऊन उभी होती. मी हात धरणार होते, पण धरला नाही. तिने कापलं. एक रेघ वाकडी नाही.

बाण रोज सहाला येतो. ती बघते, आला म्हणते, चहा मात्र आता ठेवत नाही. तिचा सगळा जीव दाराच्या घंटीत अडकलाय. घंटी वाजली की मान वर करते आणि विचारते की ते आले का, उतरत्या खांद्याचे. मी नाही म्हटलं की चिडते. म्हणते, शर्ट कच्चा टाचून ठेवलाय आणि माणसाचा पत्ता नाही, आजकालच्या गिऱ्हाइकांना वेळेची किंमत नाही. मलाही झापते. इतकं चिडलेलं मी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

तिने तुला ओळखलं नाही म्हणून तू येणार नाहीस. ती तर तुझी ओळख नसतानाही वाट बघते आहे.

शर्ट खुंटीवर टांगलाय. पहिली ट्रायल बाकी आहे. त्यानंतर दुसरी.

तुझी ताई