जैबुनबीच्या हांडीले एकतीस मार्क

राळेगाव,
२० एप्रिल १९६२

रहेमानभाऊ, सलाम.

तर मार्क मी मनानं देल्ले नाहीत, हे सांगायचंच राह्यलं. तू गाडीच्या खिडकीतून तोंड काढून म्हणाला, "शेषू, पोटभर जेवला तू माह्या अम्माच्या हातचं, अन् तिच्याच हांडीले नापास करतं?" मी बोलाले तोंड उघडलं, अन् कंडक्टरनं घंटी मारली. धुळीत उभा राह्यलो. म्हणून हे पत्र. माह्यं सारं शिक्षण नागपूरले इंग्रजीत झालं, कागदावरची मराठी मले येत नाही. बोलतो तसंच लिहून राह्यलो. हासू नको.

इकडे सारे ठीक. ऊन लय आहे. बाबाचा गुडघा दुखते, तरी रोज कंपनीच्या स्टोअरमध्ये जाऊन बसतात. माय तुमची आठवण काढते. चाचीले वणी मानवली का? कोळशाच्या धुळीनं खोकला तर नाही लागला? अकीलावहिनीले अन् लेकरायले माह्या आठवणी सांग.

आता पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुले दिसन का मी काही कोणाचं वाईट कराले बसलो नव्हतो.

कापसाच्या जिनात अकरा मांजरी होत्या हे तुले माहीत आहे. सरकीच्या गोडाऊनमधले उंदीर बारदाना कुरतडून खातात, म्हणून कंपनीनंच पाळल्या. सकाळी त्याहिले सुकं, म्हणजे भाकरीचा चुरा, अन् चार वाजता ओलं. ओलं चाचीच्या हांडीतलं. सरदारचाचा गठाणीच्या प्रेसमध्ये सापडून गेले तवापासून बारा वर्षं ते काम तिचं, अन् त्या कामापायी फाटकाजवळची खोली तिची. मी सुटीत यायचो तवा पाह्यचो. खाटकाकडून आणलेली आतडी-फेफडी, ज्वारीच्या कण्या, चिमूटभर हळद. मीठ नाही, लसूण नाही. भोंगा झाला, सरकी काढायचे रेचे बंद पडले, का ती हांडीवर पळी वाजवायची, अन् सरकीच्या ढिगातून, पट्ट्याखालून, पत्र्यावरून साऱ्या मांजरी धावत यायच्या.

होळी झाल्यावर चार मांजरी मेल्या. आठ दिवसांत चार. मॅनेजरसाहेबानं मले बोलावलं. मी नुकताच लागलो होतो, कापसाचा धागा मोजाले. म्हणे, "तू सायन्सचा पोरगा. हे ओलं खाणं तपास. मले अंदाज नको, आकडे पाहिजेत."

रहेमानभाऊ, खरं सांगू? मले लय आनंद झाला. कोणी पहिल्यांदा मले काही विचारलं होतं. मी रात्रभर कागद आखला. वासाले वीस, रंगाले पंधरा, हाताले कसं लागते त्याले पंधरा, पाणी किती सुटते त्याले वीस, अन् मांजरी किती आवडीनं खातात त्याले तीस. झाले शंभर. असं काम मुंबईतही कोणी केलं नसन, असं मले वाटलं.

मंग चाचीकडे बरणी घेऊन गेलो. तिनं हांडीतलं आधी थोडं आपल्या जिभेवर ठेवलं, जशी रोज ठेवते, मंग बरणीत घातलं. म्हणे, "कायले पाहिजे रे बेटा? तुले भूक लागली का?" म्हटलं, "तपासाले." म्हणे, "तपास. झाकण लावून ने, माशा बसतात."

बरणी झाकण घट्ट लावून ऑफिसात ठेवली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता उघडली अन् एक-एक करून मार्क लिहिले. वास तीन, रंग आठ, हाताले नऊ, पाणी अकरा. मंग तेच खाणं बशीत घालून ऑफिसच्या ओसरीत ठेवलं अन् घड्याळ लावून बसलो. एक घंटा. एकही मांजर आली नाही. शून्य.

सारे मिळून एकतीस. मी काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही. जे नाकाले आलं, जे डोळ्याले दिसलं, ते लिहिलं. पुढे साहेबानं काय केलं ते साहेबाचं. खोली खाली कराले मी सांगतलं नव्हतं.

एवढंच म्हणायचं होतं. तू समजदार आहे. चाचीले माह्या पाया पडतो म्हणून सांग.

तुहा,
शेषू


राळेगाव,
९ मे १९६२

रहेमानभाऊ,

तुह्यं कार्ड आलं. माह्या पत्राचं उत्तर नाही, मले एक शिवी नाही. नुसत्या तीन ओळी. अम्मा चुलीजवळ जात नाही. अकीलानं भाजी टाकाले सांगतली तर हात पदराखाली घेते. म्हणते, ज्या हातानं मुकी जनावरं मारली, त्या हातानं लेकरायले कशी खाऊ घालू.

ते कार्ड मी शर्टाच्या खिशात घेऊन फिरून राह्यलो आहे. चार दिवस झाले.

मांजरी चाचीच्या हांडीनं मेल्या नाहीत. हे आधी लिहितो, म्हणजे तू पुढचं वाचलं नाही तरी चालन. तिच्या हातानं एकही मेली नाही. तिले आत्ताच सांग. पत्र खाली ठेव अन् सांगून ये.

आता बाकीचं.

मायले मी माह्या मार्कांचा कागद वाचून दाखवला. आठ दिवसांपूर्वीची गोष्ट. मले वाटलं, ती तरी म्हणन का पोरानं मेहनत केली. ती कांदा चिरून राह्यली होती. म्हणे, "बरणी कवा भरली?" म्हटलं, "चार वाजता." "अन् उघडली कवा?" "दुसऱ्या दिवशी अकरा वाजता." तिनं विळी बाजूले केली. म्हणे, "एप्रिलच्या उन्हात, झाकण लावून? लेका, कालचं वरण आज कोणाच्या ताटात वाढतं का तू? अन् वाढून वरतून म्हणतं, रांधणारीनं आंबवलं!"

मी म्हटलं, मांजरींनीही तोंड लावलं नाही. तर म्हणे, "दिवसाच्या अकरा वाजता, मशिनी चालू असताना, ऑफिसच्या ओसरीत? तुह्या बापाले तरी तिथं जेवण जाईन का?"

जे कोण्याही बाईले माहीत असते, ते मी विचारलं नाही. चाचीची हांडी चारले उतरायची अन् ज्या दगडावर ती वाढायची तो साडेचारले चाटून साफ व्हायचा. मी तपासलं ते तिचं खाणं नव्हतंच. बरणीत सडवलेलं माह्यं होतं. एकतीस मार्क माह्ये होते, रहेमानभाऊ.

हे एवढंच असतं तर मी आलो असतो, चाचीच्या पायावर डोकं ठेवलं असतं, म्हटलं असतं, मूर्ख आहो, माफ कर. मूर्खपणाले ती हासते. अंगठा घ्यायच्या दिवशीही हासली होती. साहेबानं तिले ऑफिसात बोलावून माह्या इंग्रजी रिपोर्टखाली अंगठा घेतला. तिनं मले विचारलं, "काय लिहिलं बेटा?" म्हटलं, "चाची, तुह्या हांडीचे मार्क." "पास का नापास?" म्हटलं, "पास व्हायले पस्तीस लागते." तर काय म्हणाली माहीत आहे? "चारासाठी अडवून राह्यला का रे? दे ना चार, तुह्या घरचं काय जाते?" अन् हासली. साहेबही हासला. मीही हासलो.

तिले वाटलं, नापास म्हणजे आता साहेब रागावन, म्हणन का उद्यापासून नीट शिजव. खाली शेवटच्या ओळीत काय होतं ते तिले कोणी सांगतलं नाही. ती ओळ साहेबानं मले सांगून लिहवून घेतली. मांजरी ह्याच खाण्यानं मेल्या, पुरवणाऱ्या बाईले कामावरून काढावं. दोन दिवसांनी चपराश्यानं खोली खाली कराले सांगतलं, तवा तिले कळलं.

आता ते, जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

चौथी मांजर, ती भुरी, मी स्वतः उचलली. वजन कराले. तिच्या तोंडाले लसणाचा वास येऊन राह्यला होता. मी वहीत लिहून ठेवलं, वास लसणासारखा. मी वासाले वीस मार्क ठेवणारा माणूस. चाची हांडीत लसूण घालत नाही, मांजरी शिवत नाहीत म्हणून. मले हे माहीत होतं. तरी मी त्या ओळीवरून पुढे गेलो, कारण माह्या कागदात मेलेल्या मांजरीच्या वासाचा रकाना नव्हता.

मंग बाबाकडे स्टोअरमध्ये गेलतो, रिपोर्टची नक्कल काढाले कार्बन मागाले. फळीवर एक डबा होता, त्याच्यावर हाडं अन् कवटी. झाकण सैल होतं. आत काळी पूड. तोच वास. बाबाले विचारलं, हे काय? म्हणे, "उंदराचं औषध. साहेबानं मागवलं. पिठाच्या गोळ्या करून गोडाऊनमागं टाकतात, होळीपासून." म्हटलं, "बाबा, ते खाऊन उंदीर मेला अन् तो मांजरीनं खाल्ला, तर?" बाबानं डब्याचं झाकण दाबून बसवलं. त्याहिलेही तवाच कळलं असन. का आधीच कळलं होतं, मले माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मंग म्हणे, "डबा मी देल्ला. चिठ्ठीवर सही माही आहे. तू हे बोलला तर साहेब म्हणन, पुंडलिकरावानं सांगतलं काहून नाही. मी जाईन घरी. तू लागला काल. तिचा पोरगा वणीले मिस्त्री आहे, ट्रक दुरुस्त करते, मायले उपाशी ठेवणार नाही. कर सही अन् मोकळा हो."

कार्बन घेतला. ऑफिसात गेलो. सही केली.

म्हणजे मले आधी कळलं. सहीच्या आधी. तू पहिलं पत्र पुन्हा वाचशील तर त्यात एक अक्षर खोटं सापडणार नाही. असं लिहिणं मले शाळेनं चांगलं शिकवलं.

चाची गेल्यावर दहा दिवसांत आणखी तीन मांजरी मेल्या. तवा हांडी कोणाची होती? कोणीच विचारलं नाही. चार उरल्या आहेत. चपराशी त्याहिले सकाळची भाकर टाकते, ओलं कोणी करत नाही. भोंगा झाला का त्या अजूनही त्या दगडापाशी येऊन बसतात, अन् उठून जातात.

फाटकाजवळची खोली साहेबानं मले देल्ली. सॅम्पल रूम म्हणतात तिले. मी हे तिथंच बसून लिहून राह्यलो. चुलीमागची भिंत काळी आहे. चपराशी चुना लावतो म्हणे, मी नाही म्हटलं. फार मोठं काम केलं!

साहेबाले मी अजून काहीच बोललो नाही. बाबाले ह्या पत्राचं माहीत नाही. पण खाली मी पुरं नाव लिहून सही केली आहे. हे पत्र तू साहेबाले दाखव, तहसीलदाराले दाखव, चौकात वाचून दाखव. मी नाही म्हणणार नाही. स्वतः उठून साहेबाच्या टेबलापर्यंत जायची छाती माह्यात नाही, म्हणून तुह्या खांद्यावर टाकून राह्यलो, हेही मले समजते. बाबाची नोकरी जाईन. जाऊ दे, असं लिहाले हात होत नाही. नको जाऊ दे, असं तुले कोण्या तोंडानं म्हणू?

तू विचारशील, मंग लिहिलं कायले. लेकरायसाठी. अन् तिनं पुन्हा चूल पेटवावी म्हणून. बाकी मले काही मागायचा हक नाही.

पण एक गोष्ट माह्यानं सुटत नाही. औषधानं मेल्या, तुह्या हातानं नाही, हे ऐकून ती पहिले रडन. मंग डोळे पुसून विचारन, "शेषूले हे कवा कळलं?" ती विचारल्याशिवाय राहायची नाही, तू तिले ओळखतं. अन् खरं सांगतलं तर हाताचं दुखणं जाईन, पण ज्याले ताटातलं काढून देल्लं त्यानंच डोळ्यांदेखत असं केलं, हे दुसरं दुखणं तिच्या उरावर बसन. खोटं सांगतलं तर ती मले दुवा देईन, अन् ते मले ऐकवणार नाही.

सहीच्या आधी का सहीच्या नंतर, रहेमानभाऊ, तू तिले काय सांगशील? का मी वणीले येऊन माह्या तोंडानं सांगू?

शेषराव पुंडलिकराव गावंडे