सळईचं टोक

छ. संभाजीनगर,
दि. ९ जून २०२४

ती. मीनाक्षीताईस,
अनंताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, आणि त्याच्यासोबत माझं मागचं पत्रही, तांबड्या शाईनं तपासलेलं. ‘आशीर्वाद’मधला शी दीर्घ, हे आता छप्पन्नाव्या वर्षी तरी लक्षात ठेवीन. तुझे कान गेले म्हणून आपला फोन बंद झाला आणि माझी शाळा पुन्हा सुरू झाली, एवढाच काय तो फरक.

बातमी अशी, की चितेगावच्या आमच्या कारखान्यात मी आता नुसता तपासनीस राहिलेलो नाही. ‘गुणवत्ता व ग्राहक समाधान प्रमुख’ अशी पाटी माझ्या टेबलावर आली आहे. प्रमुख म्हणजे हाताखाली कोण आहे, असं घरी मेघानं विचारलं. टेबल आहे, असं मी सांगितलं.

तुझ्या शेजारच्या सर्जेरावांना पुन्हा एकदा समजावून सांग, की आम्ही ठिबकचे पाइप करत नाही. परदेशातले लोक तंबाखू भरून ओढतात ते लाकडी पाइप आम्ही करतो. लाकडाच्या गाठीत वरून वाटी कोरायची आणि दांड्यातून धुरासाठी बारीक भोक पाडायचं. ते भोक वाटीच्या बरोबर तळाशी निघालं पाहिजे. निघालं की नाही, हे मी दांड्यातून सळई घालून बघतो. चौतीस वर्षं बघतोय. मी आजवर एकदाही पाइप ओढलेला नाही, ही गोष्ट मात्र ग्राहकांना माहीत नाही.

नव्या पाटीखाली पहिलीच तक्रार आली ती हॉलंडमधल्या एका निवृत्त घड्याळजींची. आमचा पाइप हुक्क्यासारखा गुडगुडतो आणि तो आवाज ऐकून त्यांचा कुत्रा खोलीतून उठून जातो म्हणे. मी त्यांना दोन पानी उत्तर पाठवलं. नवशिक्यांचं असंच होतं, सावकाश ओढावं, धीर धरावा, असं बरंच काही. त्यावर त्यांनी एका ओळीत कळवलं, की ते अठ्ठेचाळीस वर्षं पाइप ओढतात. आता पुढं काय लिहावं, या विचारात आहे.

चुका काढ, पण लोभात काटछाट करू नकोस.

तुझा,
अनंत


पैठण,
दि. १८ जून २०२४

चि. अनंतास,
मीनाक्षीचे अनेक आशीर्वाद. (शी बघून ठेव.)

पाटीबद्दल अभिनंदन. सर्जेरावांना समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, की मग अर्ध्या इंचाचा मिळंल का. मी हात टेकले.

तू त्या घड्याळजींना धीर धरायला सांगितलंस, हे वाचून मला तुझी चौथी आठवली. गणित चुकलं की पुस्तकातलं उत्तर चुकीचं छापलंय असं तू बाबांना सांगायचास, आणि तेही इतक्या खात्रीनं, की बाबा एकदा खरोखर पुस्तकाच्या दुकानात विचारायला गेले होते. पाइप कधी ओढला नाहीस तर ओढून बघ. मी शिकवत असताना कविता वर्गात नेण्याआधी घरी मोठ्यानं वाचून बघायची. निम्म्या वेळा माझीच जीभ अडखळायची.

धरणाकडचं वारं दोन दिवसांपासून फार आहे. गुडघे बरे आहेत. मेघाला आशीर्वाद. तब्येत आणि शुद्धलेखन दोन्ही सांभाळ.

तुझी,
ताई


छ. संभाजीनगर,
दि. २८ जुलै २०२४

ती. ताईस,
अनंताचा सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा पाळली. गेल्या रविवारी गच्चीवर जाऊन आमचा एक पाइप ओढला. पहिल्या झुरक्याला ठसका लागला, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्याला खालचे कुलकर्णी वर धावत आले, काही जळतंय का म्हणून. मेघानं माझे कपडे दोन दिवस बाल्कनीत ठेवले आणि मलाही ठेवायचा तिचा विचार दिसला. पण ताई, पाइप गुडगुडला. तळाशी तंबाखू ओला राहिला आणि कडू पाणी तोंडात आलं. घड्याळजींचा कुत्रा शहाणा आहे.

एव्हाना तक्रारी चौदा झाल्या होत्या. आमच्या कारखान्याच्या व्यवस्थापक श्रेया मॅडम, वयानं माझ्या निम्म्या, त्यांनी बोलावून कारण विचारलं. मी चार पाइप उभे चिरून बघितले. चारही पाइपांत भोक तळाच्या वर निघालेलं होतं. भोकं पाडायच्या मशीनवर बावीस वर्षं रहीमभाई आहेत. त्यांचं वय सत्तावन्न. मी चार पानी अहवाल लिहिला, की वयोमानानुसार दृष्टी मंदावल्यामुळे हा दोष उद्भवला असावा. भाषा अशी झाली होती, की तुलाही तांबडी शाई बाहेर काढावी लागली नसती. मॅडमनी तो शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर वाचून दाखवला. रहीमभाईंना मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं.

त्यांनी हातपुसणं मशीनवर घडी करून ठेवलं आणि गेले. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी येत नाहीत. काम म्हटलं की असं होणारच, असं मी स्वतःला रोज सांगतो. रोज सांगावं लागतं, हे काही बरं लक्षण नाही.

राग येईल तो पत्रात लिही, लोभ आहे तिथंच राहू दे.

तुझा,
अनंत


पैठण,
दि. ६ ऑगस्ट २०२४

चि. अनंतास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

गच्चीवरची हकीकत वाचून इतकी हसले, की ऐकायचं यंत्र कानातून निघून पडलं. पुढचं वाचल्यावर हसू राहिलं नाही.

तू रहीमभाईंवर चार पानं लिहिलीस. त्यांचं स्वतःचं म्हणणं काय, याचं एक वाक्य तरी त्यात आहे का? तुझ्या पत्रात तर नाही. ते तुझ्याकडं जेवायला यायचे, त्यांच्या जमिलाभाभींनी पाठवलेला शीरखुर्मा मीही तुझ्याकडं खाल्लेला आहे. डोळे मंदावले हे तुला त्यांनी सांगितलं, का डॉक्टरांनी, का तुझं तूच ठरवलंस?

दुसरं एक, मला यातलं कळत नाही म्हणून विचारते. वर पडलेली भोकं तुझ्या सळईला का दिसली नाहीत? ते सगळे पाइप तुझ्याच हातून पास झाले ना? तू पाइप तपासतोस. सळई कोण तपासतं?

उत्तर लगेच लिही. घाईत शुद्धलेखन चुकलं तरी चालेल.

तुझी,
ताई


छ. संभाजीनगर,
दि. २५ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायला घेतलं, की हात थांबायचा.

तुझं पत्र वाचून दुसऱ्या दिवशी मी सळई काचेवर ठेवली. ती काचेवर सपाट बसली नाही. टोक वाकलेलं होतं, नखाच्या जाडीइतकं. तेवढंच वाकलंय, म्हणून कधी नजरेत आलं नाही.

कशानं वाकलं हेही सांगतो, नाहीतर तू विचारशीलच. जानेवारीत एकदा माझ्या डब्याचं झाकण अडकलं होतं. आत मेघानं दिलेलं भरीत होतं आणि मला भूक लागली होती. हाताशी सळई होती. झाकण निघालं. चौतीस वर्षांची नोकरी वांग्याच्या भरतापायी अशी वाकली.

आता यातलं सगळ्यात वाईट. सळई धरायची माझी एक ठरलेली पद्धत आहे, मुठीवरचा लाल ठिपका वर. त्यामुळे वाकलेलं टोक नेहमी खाली जायचं, आणि बरोबर पडलेलं भोकही मला तळाच्या खाली गेलेलं दिसायचं. रोज सकाळचा पहिला पाइप रहीमभाई मला दाखवायला आणत. झाकणानंतर एका सकाळी मी त्यांना म्हणालो, सेटिंग थोडं वर घ्या. ते म्हणाले, साहेब, बरोबर हाय, अजून वर घेतलं तर लई वर जाईल. मी त्यांच्यासमोर सळई घालून दाखवली आणि म्हणालो, ही खोटं बोलते का. त्यांनी एकदा सळईकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि सेटिंग वर घेतलं. म्हणजे त्यांचं भोक बरोबर होतं. ते चुकीचं मी करायला लावलं, चुकीचं झालेलं मीच पास केलं, आणि वर त्यांच्याच डोळ्यांवर अहवाल लिहिला.

हे अजून कुणालाच माहीत नाही. नवी सळई मागवून घेतली आहे. मशीनवरच्या नव्या माणसाला सेटिंग खाली घ्यायला सांगितलं, आता माल बरोबर निघतो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. रहीमभाईंना हळूच परत मशीनवर घ्या, असं मॅडमना सुचवलं तर? कारण सांगितलं नाही तर चालेल का? तू काय म्हणशील ते ठाऊक आहे, तरी विचारतो.

जमलं तर आधीसारखीच माया ठेव.

तुझा,
अनंत


पैठण,
दि. ३१ ऑगस्ट २०२४

चि. अनंतास,
अनेक आशीर्वाद.

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. १९८७ साली माझ्या आठवीच्या वर्गात आसरा नावाची मुलगी होती, विणकराची. तिनं धाग्यांच्या रंगांवर निबंध लिहिला. इतका चांगला होता, की तो तिचा असेल असं मला वाटलं नाही. कुठून उतरवलास, असं मी तिला भर वर्गात विचारलं. ती रडली नाही, खाली बसली. दोन महिन्यांनी तिचा दुसरा निबंध वाचला तेव्हा कळलं, की पहिलाही तिचाच होता. मी वर्गात काही बोलले नाही. त्या निबंधाला चांगले गुण दिले, म्हणजे फिटलं असं समजले. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही.

ती इथंच आहे. बाजारात भेटली, की बाई म्हणून अजून वाकून नमस्कार करते. मी तिला लांबून पाहिलं, की भाजी न घेता दुसऱ्या गल्लीनं घरी येते. सदतीस वर्षं हे चाललंय.

हळूच काही करू नकोस.

तुझी,
ताई


छ. संभाजीनगर,
दि. २२ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
अनंताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि त्याच रविवारी रहीमभाईंच्या घरी गेलो. सोबत वाकडी सळई घेतली होती. दार त्यांच्या मुलीनं, झेबानं उघडलं. रहीमभाई चष्मा लावून बसले होते. त्यांना चष्मा लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सगळं सांगितलं. भरीतसुद्धा सांगितलं. वाटलं होतं, निदान त्यावर तरी हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी सळई हातात घेऊन उजेडाकडं धरली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, दोन महिने मला वाटतंय की माझीच नजर गेली. मशीनवर मला बरोबर दिसायचं आणि कागदावर चूक निघायचं, तर माणूस काय समजंल. गाडी चालवायची सोडली, कुणाच्या अंगावर घालीन म्हणून. झेबानं डॉक्टरकडं नेलं, डॉक्टर म्हणाले वाचायचा किरकोळ नंबर आहे, बाकी काही नाय. तर मला वाटलं डॉक्टरच माझं मन राखतोय.

मी माफी मागितली. ते म्हणाले, इथं नको मागू. जिथं वाचलं तिथं सांग. इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच अरे-तुरे बोलले. जमिलाभाभी चहा घेऊन आल्या, तो मी प्यालो, पण कशी चव होती ते सांगता येणार नाही.

सोमवारी श्रेया मॅडमकडं गेलो, सळई टेबलावर ठेवली आणि राजीनाम्याचा कागदही. त्यांनी सळई ठेवून घेतली, कागद परत दिला. राजीनामा देणं सोपं आहे, म्हणाल्या, मग या तक्रारींना उत्तर कोण देणार. वाईट पाइप गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चिठ्ठी मी स्वतः लिहायची, स्वतःच्या नावानं, कारण न लपवता, आणि सोबत नवा पाइप. आणि यापुढं मशीनच्या सेटिंगला माझा हात लागणार नाही. पहिला पाइप रहीमभाई आणि मी, दोघांची सही झाली तरच पुढं.

शिफ्ट सुरू होताना सगळ्यांसमोर उभा राहिलो. भाषण लिहून नेलं होतं, माझ्या सवयीप्रमाणे चार पानांचं. दुसऱ्या पानावर ‘तांत्रिक कारणास्तव’ असं आलं, तेव्हा पॉलिशवाला सांडू मागून म्हणाला, साहेब, चूक कुणाची ते सांगा ना. मी कागद खिशात घातला आणि म्हणालो, माझी. रहीमभाईंनी मला अडवलं होतं, मी ऐकलं नाही, आणि नंतर त्यांच्या डोळ्यांवर खोटं लिहिलं. एवढंच. चार पानांचं चार वाक्यांत झालं. मशीनं सुरू झाली.

घड्याळजींनाही लिहिलं, की नवशिका मीच होतो. त्यांचं उत्तर आलं. नवा पाइप गुडगुडत नाही, पण कुत्रा अजूनही उठून जातो, बहुधा त्याला धूरच आवडत नसावा, असं ते म्हणतात.

रहीमभाई मशीनवर आले आहेत. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडं येत नाहीत. मी बोलावत नाही. गुरुवारी सकाळी त्यांनी पहिला पाइप आणून माझ्यासमोर ठेवला. मी नवी सळई काचेवर ठेवून बघितली, मग पाइपात घातली, बरोबर आहे म्हणालो आणि सही केली. त्यांनी पाइप उचलला, सळई माझ्या हातातून घेतली, ती स्वतः काचेवर ठेवून बघितली, स्वतः पाइपात घालून बघितली, फिरवून पुन्हा बघितली. मी उभा राहिलो. मग त्यांनी माझ्या सहीखाली सही केली आणि मशीन सुरू केलं.

तू बाजारात गेलीस तर कळव. नाही गेलीस तरी कळव. माझी माया तुझ्यापाशी आहे, तुझी मला असू दे.

तुझा,
अनंत