मशीनच्या मुळीला पाणी

चाचा,

आईनं तुमच्यासाठी एक निरोप ठेवला होता. तो तिनं मला सांगितला तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता तीही नाही. निरोप घेणारा माणूस राहिला नाही म्हणून तो आपल्याजवळच ठेवून घ्यावा, हे मला बरं वाटत नाही. लिहिण्याचा मला सराव नाही. सातवी पास झालो, पण पुढं कागदाशी संबंध आला तो सामानाच्या चिठ्ठ्यांपुरता. आज खंडेनवमी आहे. सकाळीच मशिनं पुसून फळीवर मांडली. मुलं बाजारात झेंडू आणायला गेलीत, घरात कुणी नाही, म्हणून बसलोय.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेल्या सामानातून ठेकेदारानं तो व्हायब्रेटर आणला होता, तो आठवत असेल तुम्हाला. तुंगार्लीच्या चढावर एका बंगल्यासाठी पाण्याची मोठी टाकी बांधायची होती. पावसाळ्यात काम बंद पडलं आणि नवरात्रात पुन्हा सुरू झालं. आई आणि मी कान्ह्याहून सकाळच्या गाडीनं येत होतो. आई बायांच्या रांगेत घमेली वाहायची, मी ओतलेलं काँक्रीट सळईनं कोचायचो. मशीन आलं तसं सळईचं काम गेलं. एक विजेची मोटर, तिला आम्ही पेटी म्हणायचो, पेटीला रबराची लांब नळी, आणि नळीच्या टोकाला मनगटाएवढं जाड लोखंड, ती निडल. वीज सोडली की निडल थरथरायची आणि काँक्रीट दह्यासारखं हलून खाली बसायचं. बाया त्याला गुरगुऱ्या म्हणायच्या. निडल धरायला कोण, असं मुकादमानं विचारलं तेव्हा पुढं होणारे पुष्कळ होते. मशीनचे मिस्त्री म्हणून तुम्ही मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं बोट केलंत. मुकादम म्हणाला, "ह्यो? ह्यो तर बोलत बी न्हाई." तुम्ही म्हणालात, "म्हनूनच. बोलनाऱ्याचं ध्यान त्वांडात असतं."

तुमचं शिकवणं मला अजून तुमच्या आवाजातच आठवतं. सकाळी वीज जोडायच्या आधी तुम्ही वायर बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत जाता. कुठं रबर फाटलंय, कुठं गाठ आलीय, ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं, म्हणता. वायर जमिनीवर सोडायची नाही, बांबूच्या कैचीवरून न्यायची. निडल सरळ खाली सोडायची. आतल्या लोखंडी शिगेला लावायची नाही, साच्याच्या फळीला लावायची नाही. बुडबुडे यायचे थांबले, वर चकाकी आली की हळू वर घ्यायची, इतकी हळू की मागचं भोक आपोआप मिटलं पाहिजे. निडल हवेत उगाच फिरवत ठेवायची नाही, तापते. एकदा कोपऱ्यात माल कमी पडला म्हणून मी निडल आडवी धरून माल तिकडं ढकलायला लागलो. मशीन बंद पडलं. वळून बघितलं तर स्विच पाडून तुम्ही उभे. "फावडं हाये का ते? खडी हितंच ऱ्हाती अन् पानी तिकडं जातं. मग टाकी गळायला लागली की तितं तू बोट घालून बस." बाया हसल्या, आई पण हसली. मला दुपारची भाकरी गोड लागली नाही. पण त्यानंतर निडल मी कधी आडवी धरली नाही, आणि माझ्या हाताखालच्या कुणाला धरू दिली नाही.

स्विचवर बसणाऱ्यासाठी तुमचा कायदा निराळा होता. त्याला दुसरं काही काम नाही. त्यानं बिडी ओढायची नाही, कुणाशी बोलायचं नाही. एक हात स्विचवर आणि नजर निडल धरणाऱ्याच्या हातांवर. हात आखडला असं वाटलं की आधी स्विच पाडायचा. "मानसाला धरायला धावायचं न्हाई. धावलास तर दोगं जाल," तुम्ही म्हणायचात. स्विचवर नेहमी तुम्हीच बसत होता. माझे हात कोण बघतंय हे मला ठाऊक होतं, म्हणून मी बिनघोर काम करत होतो.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आपण दोघांनी सकाळी पेटी, नळी, निडल सगळं साफ केलं. नळीतली तार बाहेर काढून पुसली, ग्रीस भरलं, वाळलेलं सिमेंट खरवडलं. तुम्ही म्हणालात, "पूजा म्हंजे आणिक काय असतं? वरसातनं एकदा सगळं उगडून बघायचं." मग तुम्ही नमाजाला गेलात आणि मला ठेशनावर फुलं आणायला पाठवलंत. मी परत येतोय तोवर तुम्हीही चढ चढून येत होता. आपण दोघं बरोबरच शेडमध्ये शिरलो. आईनं पूजा मांडली होती. तिच्या पोराच्या हातातलं मशीन, म्हणून पहिला मान तिनं आपल्याकडं घेतला होता. पेटीला तांब्याभर पाण्यानं अंघोळ घातली होती, वर हळद-कुंकू, आणि पेटीला वारा घ्यायला जी भोकं असतात त्यांत एकेक झेंडूचं फूल खोचलं होतं. भोकांतून कुंकवाचं लाल पाणी खाली ठिबकत होतं. आई हात जोडून उभी होती. माझं नाव घेऊन ती काहीतरी पुटपुटत होती.

तुम्ही पेटीकडं बघितलंत, मग माझ्याकडं. मला समजायला उशीर लागला नाही. दुसऱ्या दिवशी दसरा, सकाळी बंगल्याचे मालक येणार, मुहूर्तावर टाकीचा वरचा थर ओतायचा आणि निडल माझ्या हातात. पेटीत पाणी राहिलं आणि वीज सुटली तर ती ओल्या काँक्रीटमध्ये उभ्या असलेल्या माझ्यातून जाणार. तुम्ही मुकादमाला हळूच म्हणालात की उद्या सकाळी मशीन चालणार नाही, पेटी वाळायला पाहिजे. मुकादम वाईट माणूस नव्हता, पण मालकाला शब्द देऊन बसला होता. तो मोठ्यानं म्हणाला, "थोडं पानी पडलं तर काय झालं? का आमच्या पूजेचं पानी तुमाला चालत न्हाई, मिस्तरी?"

ते दिवस हिंदू-मुसलमान दंग्यांचे होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. सगळे तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही एक वाक्य बोलला असता, की या बाईनं पाणी ओतून मशीन बिघडवलंय, तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. आईला मात्र चारचौघांत तोंड वर करता आलं नसतं. आणि पोराच्या रक्षणासाठी घातलेल्या पाण्यानंच पोर गेलं असतं, हे तिला जन्मभर पुरलं असतं. तुम्ही टोपी सारखी केलीत आणि म्हणालात, "मुकादम, बसलेली पूजा मी कशी उठवू? ज्यांनी मांडली त्यांना इचारा." मग आईकडं वळलात. "अक्का, ह्यो गुरगुऱ्या पूजेतनं कवा उठायचा?"

आमच्या घरी अवजारांची पूजा दसऱ्याच्या पहाटे उठते. आई पहाटच म्हणणार, असं मला वाटलं. आई पेटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या दुपार कलल्याबिगर कामाला लावायचा न्हाई."

"आन् तवर?" तुम्ही विचारलंत. "वारं-ऊन घालू का ह्याला?"

"घाला की, भाऊ. चांगलं उगडून घाला. देवाला काय उनाचा इटाळ हाये?"

बाया हसल्या. मुकादमानं कपाळाला हात लावला, "बाईमानसाच्या फुडं कोन बोलनार," असं म्हणत मालकाला दुपारची वेळ कळवायला गेला. त्या दिवशी तुम्ही पेटी खोलून उन्हात ठेवलीत. आतल्या तारांवर कुंकवाचे ओघळ होते. ते तुम्ही मऊ फडक्यानं टिपलेत आणि ते फडकं खिशात घातलंत. आईच्या नजरेला पडू नये म्हणूनच, असं मी समजलो. दसऱ्याला सकाळी पुन्हा ऊन, शिवाय हातभर अंतरावर शेगडी. मग तुम्ही होल्डरला दिवा लावून पेटीची तपासणी केलीत. वीज पेटीच्या अंगावर येत असेल तर दिवा लागतो. दिवा लागला नाही. तुम्ही पुन्हा तपासलंत. तरी लागला नाही. पेटी बंद करताना तुम्ही म्हणालात, "आज निडल मी धरतो. तू स्विचवर बस."

टाकी झाली. ती गळली नाही. त्या वाटेनं गेलो की मी अजून तिच्या भिंतीवर हात ठेवून बघतो, कोरडी असते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आईला शेडच्या मागं घेऊन गेलात. तिथं अर्थिंगचा खड्डा होता. तुम्हीच खणून, तांब्याचा पत्रा पुरून, कोळसा-मीठ घालून बुजवलेला. "अक्का, ह्या पेटीला पडदा हाये. ती कुनाफुडं न्हात न्हाई. निडलला पान्याची सवय हाये, तिला खुशाल न्हाऊ घाला. आन् ही मशीनची मुळी. वाट चुकलेली वीज हितनं जमिनीत जाती, मानसाच्या अंगातनं जात न्हाई. पन मुळी वाळली तर काम करत न्हाई. हिला पानी घाला, तुमचं पोर सुखरूप ऱ्हाईल." आईनं सगळं मान हलवून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू व्हायच्या आधी ती एक तांब्या त्या खड्ड्यात ओतायला लागली. तुळशीला घालतात तसा, पदर सावरून. पुढं मी स्वतःची मशिनं घेतली, कामशेतला शेड टाकली, तेव्हा पहिला खड्डा खणला तो अर्थिंगचा, आणि थकली तोवर त्याला पाणी आईनंच घातलं. माझ्या शेडमध्ये आजवर कुणाला शॉक लागलेला नाही. हे मी अभिमानानं सांगतो. तुम्ही आणि तिनं मिळून केलेलं काम आहे हे.

आता निरोप. शेवटच्या आजारात एकदा तिनं मला उशाशी बसवलं आणि म्हणाली, "तुझे चाचा वर भेटले तर सांगीनच, पन तितं चुकामूक झाली तर मागनं तू सांग. मला त्याच दिशी कळलंतं." मी विचारलं, काय कळलं? "पेटीत पानी गेलतं त्ये. त्यांनी पेटीकडं बघितलं अन् मग तुझ्याकडं बघितलं. त्या बघन्यातच समजलं मला. म्हनून तर दुपार सांगितली. पूजा काय, पहाटंच उठती." मी म्हणालो, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, "त्यांनी मला इतक्या आदबीनं झाकलंतं. मी उगडं कशाला पाडू?" थोड्या वेळानं हसून म्हणाली, "ते फडकं खिशात घातलं तवाच मी बघितलंतं."

हे ऐकल्यापासून दसऱ्याची ती दुपार मी पुन्हा पुन्हा बघतो. तुम्ही टाकीच्या कडेवर निडल घेऊन उभे आहात. मी स्विचपाशी आहे. बाकीच्या बाया आपट्याची पानं वाटून घमेली घ्यायला गेल्यात, आई एकटीच पानं मुठीत धरून माझ्या मागं थांबलीय. जागची हलत नाही. तेव्हा वाटलं, सणाच्या दिवशी गंमत बघतेय. आता कळतं की तीही माझ्यासारखीच तुमच्या हातांकडं बघत होती.

तुम्ही वरून विचारलंत, "भ्यालास का रं?" मी "न्हाई" म्हणालो आणि स्विच दाबला.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. मुलं येतील, झेंडू ओवायला बसतील. त्याआधी एवढंच लिहून ठेवतो. स्विच दाबायच्या आधी मी हात धोतराला पुसला होता, कारण तळवा ओला झाला होता. चाचा, मी भ्यालो होतो.